आकाशाचा दृक्प्रत्यय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरूनाना छत्रे यांनी पटवर्धनी पंचांगाचा पाया घातला आणि पुढे लोकमान्य टिळकांसारख्यांनी पंचांगशुद्धीचा पक्ष घेतला, तेव्हा महाराष्ट्रातील जाणत्या मंडळींच्या वादांत जो एक शब्द पुनःपुन्हा येत असे, तो ‘दृक्प्रत्यय’ हा होय. गणिताने जो ग्रह ज्या अंशावर काढला, तो त्या रात्री डोळ्यांनी पाहिला असता तेथेच सापडला पाहिजे. न सापडल्यास गणित कितीही प्राचीन आणि ग्रंथ कितीही पूज्य असला तरी त्यात दुरुस्ती झाली पाहिजे, एवढाच त्या शब्दाचा साधा आणि कठोर अर्थ. हाच शब्द इतक्या वर्षांनी माझ्या घरात, संगणकावरील विमानोड्डाणाच्या खेळापुढे बसलेल्या दोन माणसांच्या तोंडून मी ऐकला, आणि त्या रात्रीचे त्यांचे बोलणे मला इतके मोलाचे वाटले की, आठवणीत राहिले त्या क्रमाने ते येथे नमूद करून ठेवीत आहे.

त्या दोघांपैकी एक माझी कन्या. अमावास्येच्या आगेमागे पुण्याचा झगमगाट टाकून वेल्ह्याच्या बाजूला जाणारी आणि रात्रभर थंडीत बसून तारे पाहणारी जी मंडळी असतात, त्यांतली ती एक. दुसरे माझ्या पत्नीचे धाकटे बंधू, म्हणजे कन्येचे मामा. त्यांनी उमेदीची सारी वर्षे वायुदलात नॅव्हिगेटर म्हणून काढली. उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रे अजून यावयाची होती त्या काळात, हातातल्या सेक्स्टंटने ताऱ्यांचे उन्नतांश मोजून आणि कोष्टकांवरून गणित मांडून त्यांनी समुद्रावरून विमाने नेलेली आहेत. ज्याने ताऱ्यांच्या भरवशावर जीव टाकला त्याने ताऱ्यांचा कैवार घ्यावा, असे मला वाटले होते; परंतु त्या रात्री ताऱ्यांची बाजू कन्येने लढवली आणि तिच्याविरुद्ध कैफियत मामांनी मांडली.

वैशाख चालू होता. कन्येने ‘फ्लाइटगिअर’ हा खेळ लावला होता. जगभरच्या हौशी लोकांनी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वेच्छेने परिश्रम करून हा खेळ उभारला आहे. त्याची सगळी आज्ञावली कोणालाही वाचता येते, आणि सूर्य, चंद्र, ग्रह व तारे हे तारीख, वेळ आणि विमानाचे स्थान यांवरून गणित करूनच दाखवले जावेत, असा त्याच्या कर्त्यांचा कटाक्ष आहे. तिने विमान मुंबईच्या धावपट्टीवर उभे केले, घड्याळ रात्री दहावर नेले आणि दृश्य उत्तरेकडे फिरवले.

“मामा, हे सप्तर्षी,” ती म्हणाली, “आणि हा खाली ध्रुव. दृश्य किती अंश वर उचलले ते इथे आकड्यात दिसते, पाहा, एकोणीस. मुंबईचा अक्षांश एकोणीस, म्हणून ध्रुवही एकोणीस अंशांवर. आता हेच विमान श्रीनगरला नेते.” क्षणभराने पडद्यावर दुसरी धावपट्टी आली, आणि ध्रुव चौतिसाच्या आसपास चढलेला दिसला. ती पुन्हा मुंबईला आली आणि दक्षिणेकडे वळली. क्षितिजापासून अकराएक अंशांवर त्रिशंकू उभा होता. “वैशाखात या वेळी तो असाच उभा असतो. गच्चीवर चला, धुरकट हवेतून दिसला तर तुम्हांला तो याच जागी दिसेल. यालाच मी दृक्प्रत्यय म्हणते. ज्या खेळांत आकाश म्हणजे घुमटाच्या आतून चिकटवलेले एक चित्र असते, ज्यात मुंबईचे आकाश तेच मेलबर्नचे आणि आषाढाचे तेच पौषाचे, त्यांनी विमानाचा खिळा न् खिळा हुबेहूब केला तरी माझ्या लेखी ते खेळ खोटे.”

मामांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले. त्यांच्या मुद्रेवर आनंद होता, हे मला स्पष्ट दिसले. पण बोलले ते निराळेच.

“आकाशाचे दप्तर चोख आहे, यात शंका नाही,” ते म्हणाले. “प्रत्येक तारा आपल्या नावापुढे रुजू आहे. पण बाळ, दप्तर चोख असणे आणि गावात अंमल नीट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैमानिक रात्री काय पाहतो, हा तुझा प्रश्नच नाही. तुझा प्रश्न, आकाशात काय आहे, एवढाच आहे.”

“जे आहे तेच दिसणार ना?”

“नाही. जे आहे त्यातले फार थोडे दिसते, आणि जे नाही ते पुष्कळ दिसते.”

हे उत्तर तिला पटण्याजोगे नव्हते, आणि तिने आपला पक्ष सोडण्याऐवजी तो अधिक काटेकोरपणे मांडला. तिचे म्हणणे असे की, खेळातील आकाश जर चुकत असेल तर ते दप्तरात कमी आणि पडद्यावर उतरताना अधिक चुकते. आपल्याकडे लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतात; सप्तर्षींतील वसिष्ठाला खेटून असलेला तो मंद तारा दिसणे ही नजरेची जुनी कसोटी. ती कसोटी तिने या खेळाला लावून पाहिली होती. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यामधील अंतर सुमारे बारा कला, म्हणजे अंशाचा पाचवा भाग. तिचा पडदा १९२० पिक्सेल रुंद. त्यावर नव्वद अंशांचा देखावा घेतला तर एका अंशाच्या वाट्याला एकवीस पिक्सेल येतात आणि त्या दोन ताऱ्यांच्या वाट्याला जेमतेम चार. तारा डोळ्यांत भरावा म्हणून तो दोन-तीन पिक्सेलांचा ठिपका केला, की अरुंधती वसिष्ठात विरघळून जाते. निरोगी डोळा एका कलेचा भेद ओळखतो. हा पडदा तीन कलांच्या आत काहीच ओळखू शकत नाही. पूर्ण चंद्राचे बिंबसुद्धा त्यावर दहा-अकरा पिक्सेलांचेच पडते, आणि ते दुबळे दिसते म्हणून कित्येक खेळांचे कर्ते चंद्र मुद्दाम मोठा करतात.

“आणि कृत्तिका,” ती म्हणाली. तिने तारीख मार्गशीर्षात नेली आणि पूर्वेकडून वर आलेला तो तारकापुंज मध्यावर आणला. “या खेळाच्या जुन्या आवृत्तींची आज्ञावली मी वाचली आहे. सूर्य क्षितिजाखाली दहा अंश गेला की गडद रात्र झाली असे तीत धरले आहे; खरे तर आकाश पुरते काळे व्हायला तो अठरा अंश खाली जावा लागतो. आणि त्या गडद रात्रीतही, ताऱ्यांच्या तेजाच्या मापात साडेचार प्रतीहून मंद तारा दाखवायचा नाही, असा दंडक होता. त्या दंडकात कृत्तिकेचे नेमके सहा तारे बसतात. सातवा पाचव्या प्रतीचा, तो गळतो.”

“सहाच तर कृत्तिका,” मामा म्हणाले. “कार्तिकेयाच्या माता सहाच. ज्याने तो दंडक घातला त्याने नकळत आपल्या पुराणांशी मेळ साधला. मला तर साडेचारसुद्धा पुष्कळ वाटतात. अगं, सबंध आकाशात डोळ्यांना दिसण्याजोगे म्हणून सुमारे नऊ हजार तारे सूचीत नोंदलेले आहेत. आमच्या नाविक पंचांगात निवडलेले सत्तावन्न. त्या सत्तावन्नांवर पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या. स्वाती, चित्रा, अभिजित, ज्येष्ठा, अगस्त्य, व्याध. अरुंधती मी विमानातून कधी शोधलीही नाही.”

येथे कन्येने त्यांना बरोबर अडवले. “मग ते सत्तावन्न तरी जागेवर हवेत की नकोत? पुष्कळ तारासूची २००० सालच्या स्थानांवर बेतलेल्या असतात. ताऱ्यांच्या जागा सरकवणारे अयनचलन वर्षाला पन्नास विकलांचे. पंचवीस वर्षांत ते एकवीस कलांवर जाते. तुमच्या सेक्स्टंटला एक कला म्हणजे किती?”

“एक सागरी मैल.” मामा क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. “एकवीस कला म्हणजे एकवीस मैलांपर्यंतची चूक, आणि तीही हिशेबनिसाच्या आळसामुळे. नाही, ही हरकत मला कबूल आहे. तारा दाखवायचा तर तो आजच्या जागी दाखवावा. अयनांशांवरून या महाराष्ट्रात जन्मभराची वैरे झाली. त्यांपैकी कोणालाही हा मुद्दा पटवून देण्याची गरज पडली नसती.”

मग आपण होऊन त्यांनी एक हकिगत सांगितली. बिंगहॅम्टन येथील वाद्यकारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ साली, ऑर्गनमधील भाते आणि झडपा वापरून, उड्डाणशिक्षणासाठी जमिनीवरच हलणारे विमान बनवले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु याच लिंकने अमेरिकी आरमारातील वीम्स या नौकानयनतज्ज्ञाच्या साहाय्याने दुसऱ्या महायुद्धात ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण देणारे एक प्रचंड यंत्र उभारले, ते आता विस्मृतीत गेले आहे. १९४१ साली त्यातले पहिले यंत्र तयार झाले. धान्याच्या कोठारासारखी सुमारे पंचेचाळीस फूट उंच इमारत. तिच्या पोटात अधांतरी बसवलेला विमानाचा सांगाडा. आणि वर ताऱ्यांचा घुमट, जो वेळ सरकेल आणि विमान ‘पुढे जाईल’ तसतसा फिरत असे. ज्या थोड्या ताऱ्यांवर सेक्स्टंट लावायचा, त्यांचे किरण भिंगांनी समांतर केलेले असत, म्हणजे तो दिवा काही फुटांवर असूनही डोळ्याला आणि यंत्राला अनंत अंतरावर वाटे. “आज तुझ्या टेबलावरचा तारा तुझ्यापासून दोन फुटांवर आहे,” मामा म्हणाले. “मान जरा हलवलीस की खिडकीची चौकट आणि तारा दोन्ही सारखेच हलतात. खऱ्या विमानात चौकट सरकते आणि तारा जागचा हलत नाही. ऐंशी वर्षांमागे लिंकला ज्याची काळजी होती, ती काळजी घरच्या खेळात अजून फारसे कोणी करीत नाही.”

याच्या पुढचे बोलणे अंधाराविषयी झाले, आणि माझ्या मते त्या रात्रीचा खरा विषय तोच होता. मामांचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत, पण सलग देतो.

“तू ताऱ्यांच्या प्रती मोजतेस, मी अंधाराच्या मोजतो. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजाचा शंभरपट फरक. हे प्रमाण ज्या पॉग्सनने १८५६ साली ठरवून दिले, तो पुढे तीस वर्षे मद्रासच्या वेधशाळेत होता, हे तुला ठाऊक असेलच. त्या हिशेबाने व्याध आणि सहाव्या प्रतीचा तारा यांत सुमारे हजारपट अंतर पडते, आणि तुझ्यासारख्या सामान्य पडद्याची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची सगळी ऐपतही तेवढीच, हजारपट. म्हणजे ताऱ्यांनीच सगळे भांडवल खाऊन टाकले. पौर्णिमेचा चंद्र व्याधाच्या तीस हजारपट तेजस्वी. त्याला द्यायला तुझ्याजवळ काय उरले? मग चंद्र उगवला तरी रात्र बदलत नाही, फक्त एक पांढरी टिकली वाढते. आणि तुझा काळा रंगही काळा नाही. दिवा मालव आणि पाहा. पडदा मागून उजळतच असतो. डोळ्याला खरा अंधार मिळाला तर अर्ध्या तासाने तो मुरतो, आणि तेव्हाही मंद तारा सरळ पाहिल्यास नाहीसा होतो व किंचित बाजूला पाहिल्यास दिसतो, कारण अंधारात पाहणारा भाग नजरेच्या मध्यावर नाही. आम्ही तांबडे दिवे वापरीत असू ते याचसाठी. त्यातून उंचीवर प्राणवायू विरळ. रात्रीच्या नजरेला त्याची झळ पाच हजार फुटांपासूनच लागू लागते, आणि म्हणूनच अमेरिकेतील विमान-प्रशासन रात्री त्या उंचीपासून प्राणवायू वापरण्याची शिफारस करते. थकलेला, अर्धवट मुरलेला, प्राणवायूला किंचित आचवलेला, जाड काचेतून पाहणारा डोळा, हा वैमानिकाचा डोळा. तू वेल्ह्याच्या माळावर सतरंजीवर निजून पाहतेस तो नव्हे.

“आणि जे नाही ते दिसते, असे मी म्हणालो. काळोखात एकच स्थिर दिवा काही क्षण टक लावून पाहा, तो हलू लागतो. वैमानिकांनी ताऱ्याला दुसरे विमान समजून त्याच्यासाठी वळण घेतल्याच्या गोष्टी आम्हांला शिकवणीतच सांगत. समुद्रावरच्या मच्छीमारी होड्यांचे दिवे तारे वाटतात, मग तारे खाली आणि वर दोन्हीकडे होतात, आणि क्षितिज कोठे आहे हे कळेनासे होते. तुझ्या खोलीत यातले काही घडणार नाही, कारण पडद्याला चौकट आहे, टेबलाला कड आहे, भिंतीला कोपरा आहे. खोली तुला सारखी सांगत असते, वर कोणते आणि खाली कोणते. रात्रीने माणसाला फसवावे ही रात्रीची मुख्य करामत, आणि तुझी रात्र कोणालाच फसवू शकत नाही.”

कन्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे सगळे डोळ्यांविषयी आणि पडद्याविषयी झाले, मामा. यातले काय खेळ करणाऱ्याच्या हातात आहे?”

“पुष्कळ आहे,” मामा म्हणाले, आणि त्यांनी दाखले दिले. हवाई कंपन्यांच्या शिक्षण-यंत्रांना संगणकाने काढलेले देखावे १९७० नंतरच्या दशकात प्रथम बसू लागले, तेव्हा मॅकडॉनेल डग्लस कंपनीची ‘व्हायटल’ नावाची व्यवस्था फक्त रात्र दाखवू शके. दिवस दाखवण्याइतकी संगणकाची ताकद नव्हती. काळे शून्य आणि त्यात धावपट्टीच्या दिव्यांचे टोकदार, कडक बिंदू. त्या बिंदूंसाठी किरण थेट त्या जागी नेला जाई, ठिपक्यांच्या जाळीत तो अडकत नसे. त्या दरिद्री देखाव्यावर वैमानिक शिकले, आणि चांगले शिकले. त्याच्याही आधी, १९६० नंतरच्या दशकात, बोइंगमधील कॉनराड क्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने उतारावर वसलेल्या शहराच्या दिव्यांची प्रतिकृती करून, अनुभवी वैमानिकांना तिच्याकडे काळोखातून उतरावयास लावले. पायाखाली काळा पट्टा, समोर दूर दिव्यांचा सडा. आणि आपण योग्य उंचीवर आहोत अशी खात्री बाळगून ती जाणती माणसे घातक इतकी खाली येत गेली. त्या काळच्या काही अपघातांवर या प्रयोगाने प्रकाश पडला. “क्राफ्टच्या त्या रात्रीत,” मामा म्हणाले, “ताऱ्यांना काही काम नव्हते. त्या रात्रीत अंधार खरा होता, आणि माणसे त्याला फसली.”

“म्हणून तारे नकोत?”

“नकोत असे नाही. आधी काळोख, मग तारे. पुष्कळ खेळांतून हल्ली आकाशगंगा अशी लावतात की जणू जांभळ्या-गुलाबी धुराचा लोट. तो कॅमेऱ्याने मिनिटे न् मिनिटे उघड्या भिंगाने टिपलेला रंग. माणसाच्या डोळ्याला अंधारात रंग दिसत नाही. आकाशगंगा राखाडीच दिसते. शिवाय ती थेट क्षितिजाला टेकवतात. त्रिशंकू अकरा अंशांवर असतो तेव्हा त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या पाचपट हवेतून येतो. क्षितिजापाशी तर तारे विझतच जातात. विझले नाहीत, की समुद्र आणि आकाश यांच्यामध्ये ताऱ्यांनी आखलेली एक कड तयार होते, आणि शिकणारा पोरगा समजतो, रात्री समुद्रावर क्षितिज दिसते.”

या एका बाबतीत मी माझे मत येथेच सांगून टाकतो. संख्येने कमी तारे दाखवणाऱ्या खेळापेक्षा, न दिसणारे तारे आणि न दिसणारे रंग उधळणारा खेळ अधिक दोषी आहे, असे मला वाटते. पहिल्याने काही राखून ठेवलेले असते. दुसरा खोटी साक्ष देतो. कन्येलाही आकाशगंगेच्या रंगांचा हा मुद्दा तत्काळ पटला, कारण वेल्ह्याला प्रथमच येणाऱ्या माणसांची याच छायाचित्रांमुळे होणारी निराशा ती नेहमी पाहते.

पण त्यानंतर मामा जे बोलले, त्याने वादाचा नूर पालटला.

“तुझे विमान मुंबईच्या धावपट्टीवर आहे,” ते म्हणाले. “तोंड पश्चिमेला कर. उड्डाण केलेस की लगेच वस्ती संपते आणि समुद्र लागतो. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सव्वाआठच्या सुमारास एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून असेच दुबईसाठी निघाले. आत २१३ माणसे. विमानाने उजवीकडे एक वळण घेतले आणि ते सरळ झाले. पण कप्तानासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडलेले होते, आणि ते उजवा कल तसाच आहे असे दाखवीत राहिले. म्हणून विमान डावीकडे कलवले गेले, आणि कलतच गेले. उड्डाणापासून दोन मिनिटे पुरी होण्याच्या आत ते वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. कोणीही वाचले नाही. बाहेर नुसते पाहून ते यंत्र खोटे ठरवता आले असते, जर बाहेर काही दिसले असते तर. पुढे काळा समुद्र आणि वर काळे आकाश होते. सांग, त्या रात्री कृत्तिका सहा होत्या की सात, याला काय किंमत?”

खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. नंतर कन्येने, काही न बोलता, खेळाची तारीख बदलली. १ जानेवारी १९७८, रात्रीचे सव्वाआठ. तिने दृश्य पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत हळूहळू फिरवले, आणि एकदा डोक्यावरून नेले.

“मामा,” ती म्हणाली, “चंद्र नाही.”

“काय?”

“त्या वेळी चंद्र उगवलेला नव्हता. पौर्णिमा २५ डिसेंबरला झाली होती. कृष्णपक्षातील सप्तमी-अष्टमीचा सुमार. चंद्र मध्यरात्रीच्या जवळपास उगवणार होता. हेच विमान एक आठवडा आधी त्याच वेळी निघाले असते, तर पूर्वेला मोठा चंद्र वर आलेला असता, आणि समुद्रावर निदान काही उजेड असता. तुम्ही विचारलेत, ताऱ्यांच्या दप्तराला काय किंमत. हे त्याच दप्तरातले पान आहे. ज्या खेळात चंद्र कोठेही, कसाही टांगलेला असतो, त्यात ती रात्र अंधारी होती हे तुम्हांला कधीच कळणार नाही. अंधार किती, हे सूर्य आणि चंद्र ठरवतात. आणि ते कोठे आहेत हे गणित ठरवते. तुमचा काळोख माझ्या गणिताशिवाय येत नाही.”

मामा उठून तिच्या खुर्चीमागे आले आणि दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून त्या पडद्याकडे पाहत राहिले. मी त्यांना पुष्कळ वर्षे ओळखतो. वादात हार मानण्याचा त्यांचा स्वभाव नाही, आणि त्या वेळी त्यांनी हार मानली असेही मी म्हणणार नाही. ते एवढेच म्हणाले, “चंद्र नव्हता. हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दाजी, ही पोर बरोबर बोलते आहे. आमच्या शिकवणीत उड्डाणापूर्वी हवामान विचारीत, आणि चंद्रोदयाची वेळही विचारीत. ती का विचारीत ते मी विसरलो होतो.”

तरीही दोघांचे एकमत झाले नाही, हे सांगितले पाहिजे. कन्येचा आग्रह कायम राहिला की सहाव्या प्रतीपर्यंतचे सगळे तारे गणितात असलेच पाहिजेत. पडद्याला ते पेलत नसतील तर पडदे सुधारावेत, आणि प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे विझवू शकणारे पडदे आले आहेतच. डोळ्यांवर बांधण्याच्या दृश्ययंत्रांनी खोलीची चौकटही नाहीशी होते, त्यामुळे मामांची ती तक्रार फार दिवस टिकणार नाही, असेही तिचे म्हणणे. मामांना त्याचा उत्साह वाटला नाही. त्यांच्या मते खेळ करणाऱ्यांनी आपला वेळ आणि पैसा, चंद्राच्या कलेप्रमाणे समुद्राचा पृष्ठभाग किती उजळतो, धुक्यात दिव्यांचा सडा कसा पसरतो, आणि क्षितिजापाशी तारे कसे विझतात, यांवर आधी खर्चावा. अरुंधतीची पाळी शेवटी. या क्रमाबाबत मी मामांच्या बाजूचा आहे. मात्र चंद्र, सूर्य आणि ते सत्तावन्न तारे यांच्या जागांबाबत कोणत्याही खेळाला कोणतीही सवलत देऊ नये, या कन्येच्या निकालावर माझी सही आहे.

ज्या वाचकांच्या घरी असा खेळ असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. खोलीतील दिवा मालवावा, पडद्याचे तेज शक्य तितके उतरवावे आणि अर्धा तास तसेच अंधारात बसावे. मग तारीख १ जानेवारी १९७८ घालावी, वेळ रात्री सव्वाआठची, जागा मुंबई, आणि पश्चिमेकडे उड्डाण करावे. शेवटचे दिवे मागे पडल्यावर समोरच्या यंत्रांकडे न पाहता केवळ काचेतून क्षितिज शोधावे.